कॉम्प्युटरचे नखरे

दादांचा कॉम्प्युटर सुरू करायचा म्हणजे आधी बटण दाबायचं, मग दोरीवरचे कपडे काढायचे, त्यांच्या घड्या घालायच्या, चहाला आधण ठेवायचं, आणि चहा गाळून कपात पडेपर्यंत कुठे त्या स्क्रीनवर निळं आकाश उगवायचं. त्यानंतरही घाई करून उपयोग नसायचा. माऊसला हात लावला की बाण जागचा हलायचा नाही, आणि हलला की थेट कोपऱ्यात जाऊन पडायचा. म्हाताऱ्या माणसाला हाक मारली की आधी त्याला ती ऐकू येते, मग ती आपल्यालाच आहे हे कळतं, मग तो चष्मा चाचपतो आणि मग वळून बघतो. तसंच त्या कॉम्प्युटरचं.

"डबा आहे नुसता," ठमी म्हणायची.

"असू दे. माझ्याबरोबर म्हातारा झालाय बिचारा," दादा म्हणायचे. "आणि घाई कुणाला आहे इथे?"

ठमी ही दादांची धाकटी बहीण. लहानपणी गोलमटोल होती म्हणून ठमी. पुढे वाळून तिची काडी झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून संपली आणि आता एकटे दादा उरले होते. वहिनी गेल्यावर ती दादांकडे राहायला आली. दादांनी सारी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात घालवली होती आणि ठमीने कचेरीत टाइप करण्यात. तिची बोटं अशी चालायची, की साहेबांचं वाक्य तोंडात असतानाच कागदावर तिचा पूर्णविराम पडलेला असायचा. साहेब हसून म्हणायचे, "बाई, पुढचं पत्र मी सांगायलाच नको, तुम्हीच टाका." ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. समोरचा बोलायला लागला की ठमी त्याचं वाक्य पुरं करून मोकळी.

दादा मात्र निवृत्त झाले ते नावालाच. आजारपणामुळे ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, अशा मुलांसाठी शाळेने कॉम्प्युटरवरून वर्ग सुरू केले, तेव्हा दादा आपण होऊन मुख्याध्यापिका बाईंकडे गेले होते. तेव्हापासून रोज संध्याकाळी दादांच्या स्क्रीनवर चौकोनाचौकोनांतून मुलं हजर व्हायची. कुणी उशीला टेकलेलं, कुणी पाय उंच ठेवून पडलेलं. दादांनी प्रत्येकाला नाव देऊन टाकलं होतं. एकाच्या तोंडापुढून मांजर फिरायचं, तो मांजरवाला. एक गोळ्यांमुळे सारखा पेंगायचा, त्याचं नाव जांभई. आणि कमरेपासून प्लास्टरमध्ये असलेली एक दहा वर्षांची मुलगी होती, ती वकीलबाई. तिला काहीही सांगा, तिचा एकच प्रश्न, "कशावरून?"

हा प्रश्न विचारायला दादांनीच मुलांना शिकवलं होतं, पण तो खरा उचलला तिनेच. त्रिकोणाचे तीन कोन मिळून सरळ रेषा होते, हे शिकवताना त्यांनी मुलांना सांगितलं, "कागदाचा त्रिकोण कापा, हवा तसा, वाकडातिकडा. आता त्याचे तिन्ही कोपरे फाडा आणि टोकं एकमेकांना चिकटवून मांडा. काय दिसतंय?" मुलांनी फाडले, मांडले, आणि घराघरांतून एकच ओरडा झाला. वकीलबाई तेवढी गप्प होती. मग म्हणाली, "सर, हे माझ्या त्रिकोणाचं झालं. जगातल्या सगळ्या त्रिकोणांचं होईल कशावरून?"

त्या दिवशी जेवताना दादा घास हातात धरून बसले होते. "ठमे, अशी पोर चाळीस वर्षांत एकदा मिळते गं," ते म्हणाले. "मी सांगतो म्हणून ती मानत नाही. बघ की! मी सांगतो म्हणून मानत नाही!"

तेवढी संध्याकाळच दादांची होती. बाकीचा दिवस ते वर्तमानपत्र उलटसुलट करण्यात आणि खिडकीतून समोरच्या गच्चीवरची कबुतरं मोजण्यात काढायचे. संध्याकाळ झाली की इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट विंचरून खुर्चीत बसायचे आणि मग वेगळेच दिसायचे. पाठ सरळ, आवाज खणखणीत.

पण अलीकडे डबा फारच रुसायला लागला होता. वर्ग ऐन रंगात आला की दादांचं चित्र मुलांच्या स्क्रीनवर तोंड अर्धवट उघडलेल्या स्थितीत गोठायचं. मुलांना मजा वाटायची.

"सर पुतळा झाले!" मांजरवाला ओरडायचा.

"आत्ता नाकावर माशी बसली तरी कळणार नाही सरांना," जांभई म्हणायचा. तेवढ्यापुरती त्याची झोप उडायची.

आणि स्वयंपाकघरात ठमीला दादांचा आवाज यायचा, "थांबा रे, अडकलाय. डबा अडकलाय." मग बराच वेळ काहीच नाही. मग एकदम, "हां, सुटला. तर मी काय म्हणत होतो..."

दिवसातून एकदोनदा व्हायचं, ते तासातून चारपाचदा व्हायला लागलं. मग एका सकाळी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. दादा अंघोळीला गेले होते, ठमीने घेतला.

"ताई, सरांबद्दल तक्रार नाही हं कुणाची," बाई म्हणाल्या. असं सुरू झालं की पुढे काय येणार हे ठमीला कचेरीत राहून ठाऊक होतं. "पण पालक म्हणतात, निम्मा वर्ग वाट बघण्यात जातो. आजारी मुलं आहेत, आधीच दमतात. पुढचं सत्र सुरू होईपर्यंत कॉम्प्युटरचं काही झालं तर बघा. नाहीतर मला ही मुलं दुसऱ्या शिक्षकांकडे द्यावी लागतील. मला आवडणार नाही, पण..."

"पण इलाज नाही," ठमीने वाक्य पुरं केलं आणि फोन ठेवला.

ती तशीच पिशवी घेऊन निघाली. चौकातल्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानात कॉम्प्युटरची आतडी बाहेर काढून ठेवलेली होती आणि त्यांच्या मधोमध तो चहात पाव बुडवून खात होता. ठमीने कॉम्प्युटरचं वय आणि लक्षणं सांगितली. तो म्हणाला, "आजी, हा कॉम्प्युटर नाही, हा अवशेष आहे. नवीन घ्या."

"नवीन घ्यायचा असता तर नव्याच्या दुकानात गेले असते. तुझ्या पाटीवर दुरुस्ती लिहिलंय म्हणून तुझ्याकडे आले."

तो हसला. पाव संपवून, हात पुसून म्हणाला, "मग एक करा. त्याचे नखरे बंद करा."

"म्हणजे?"

"विंडो उघडली की ती एकदम उघडत नाही ना? फुलासारखी उमलत येते. बंद केली की सरकत सरकत खाली जाते. मेनू धुक्यातून आल्यासारखा येतो. प्रत्येक विंडोखाली सावली, कडा काचेसारख्या, पलीकडचं दिसणाऱ्या. हे सगळं त्या बिचाऱ्याला दर वेळी रंगवावं लागतं. अहो, म्हाताऱ्या माणसाला भरजरी कपडे घालून जिना चढायला लावताय तुम्ही. नखरे काढा, बघा कसा चालतो ते."

त्याने समोरच्या एका मशीनवर करून दाखवलं. कुठे उजवी टिचकी मारायची, कुठली पाटी उघडायची, आणि शेवटी बरोबरच्या खुणांची एक रांग येते तिथे काय करायचं. सगळ्या खुणा एका टिचकीत काढता येतात. "फक्त ही एक ठेवा," तो म्हणाला, "अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी. ही काढली तर अक्षरं उंदराने कुरतडल्यासारखी दिसतील."

"आणि काही बिघडलं तर?"

"बिघडायचं काय त्यात? परत खुणा केल्या की होतं तसं."

दुपारी ठमीने दादांना फोनचं आणि नखऱ्यांचं सांगितलं. फोनचं ऐकताना दादांनी मान हलवली. नखऱ्यांचं ऐकून मात्र त्यांचा आवाज चढला.

"सावल्या कशाला काढायच्या? काही नको. मुलांना आवडतं ते."

"मुलांना तुझ्या स्क्रीनवरच्या सावल्या दिसतात तरी का?"

दादांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"अरे, वर्ग जाईल तुझा. सावल्या घेऊन काय करणार आहेस?"

"बघू," दादा म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. ठमीला राग आला. म्हातारपणी माणूस हट्टी होतो म्हणतात ते खोटं नाही, असं मनाशी म्हणत ती भांडी आपटत राहिली.

दोनतीन दिवसांनी जेवण झाल्यावर दादा चपला घालून म्हणाले, "न्हाव्याकडे जाऊन येतो." दार लागलं तशी ठमी कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. दुरुस्तीवाल्याने दाखवलेली वाट तिला तोंडपाठ होती. उजवी टिचकी, ही पाटी, ती पाटी. खुणांची रांग आली. तिने एका टिचकीत सगळ्या काढल्या, अक्षरांची तेवढी ठेवली, आणि 'ठीक आहे' वर बाण नेऊन बोट दाबलं.

स्क्रीन क्षणभर दचकली. काचेच्या कडा गेल्या, सावल्या गेल्या. सगळं करडं, सपाट, कचेरीतल्या लोखंडी कपाटासारखं झालं. ठमीने एक विंडो उघडली, ती होती तिथेच पटकन हजर झाली. बंद केली, गेली. तिने कोरं पान उघडून एक ओळ टाइप केली. आधी काय व्हायचं, की ती ओळ संपवून हात मांडीवर घेऊन बसायची आणि मग अक्षरं रांगेतून एकेक करून यायची. आता ती बोटाखालून निघत होती. तिने आणखी वेगाने टाइप केलं. अक्षर मागे राहीना. तिने सारं पान भरून काढलं, काहीबाही, जुन्या पत्रांचे मायने, साहेबांची वाक्यं, आणि एकटीच हसली. मग तिने मुख्याध्यापिका बाईंना फोन लावून सांगितलंसुद्धा, "सुधारला हो कॉम्प्युटर. हरणासारखा पळतोय."

दादा परतले तेव्हा वर्गाची वेळ होत आली होती.

"हे काय, केस तसेच?"

"गर्दी होती."

"बरं, ते राहू दे. इकडे ये. बैस. उघड काहीतरी."

दादांनी एक विंडो उघडली. बंद केली. पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली.

"किती पटकन," ते म्हणाले.

ठमीला ते कौतुक वाटलं. तिने त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि शर्टाची कॉलर नीट केली.

त्या दिवशी ती स्वयंपाकघरात न जाता ओल्या हाताने दारातच उभी राहिली. आपण केलेल्या कामाचं फळ बघायचं होतं तिला. मुलं आली. जांभई म्हणाला, "सर, आज तुम्ही सिनेमासारखे स्वच्छ दिसताय." दादा हसले. कागद घ्या म्हणाले, कसलाही, फाटका चालेल. "एक घडी घाला, कशीही, तिरपी घाला. आता त्या घडीची कड तिच्याच कडेवर येईल अशी दुसरी घडी. आला कोपरा? आता हा कोपरा पुस्तकाच्या कोपऱ्याला लावून बघा. दाराच्या, खिडकीच्या. काय दिसतंय?"

"बसतो, सर! सगळीकडे बसतो!"

"मांजराच्या कानाला नाही बसत," मांजरवाला म्हणाला.

"मांजराने भूमिती केली नाही अजून," दादा म्हणाले. "तर बघा. फाटक्या कागदाला दोन घड्या घातल्या आणि जगातल्या प्रत्येक भिंतीला बसणारा कोपरा आपल्या हातात आला. आणि या कोपऱ्याला आपण म्हणतो..."

दादा थांबले.

दारातून ठमीला त्यांचा चेहरा बाजूने दिसत होता. त्यांचे ओठ त्या शब्दासाठी उघडले होते. हातात घडीचा कागद होता, त्याचा कोपरा ते अंगठ्याने चाचपत होते. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"थांबा रे," ते म्हणाले. "अडकलाय."

कुणीच पुतळा म्हणून ओरडलं नाही.

"नाही अडकला, सर," वकीलबाई म्हणाली.

"अडकलाय गं. डबाच आहे तो."

"पण सर, तुमच्या मागचा पडदा हलतोय." तिचा आवाज उत्साहाने भरलेला होता. कोडं सुटताना यायचा तसा. "आणि तुम्ही आत्ता डोळे मिचकावलेत. आत्ता पुन्हा. कॉम्प्युटर अडकला असता, तर पडदा हलताना दिसला नसता. म्हणजे तो अडकलेला नाही."

घराघरांतली मुलं आपापल्या चौकोनांतून बघत होती. पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलत होता, हे खरंच होतं.

"काटकोन, सर," जांभई म्हणाला. "काटकोन म्हणतात त्याला."

"हो," दादा म्हणाले. "तोच."

"मग सिद्ध झालं ना, सर?" वकीलबाईने विचारलं. "मी सांगितलं ते?"

दादांनी घडीचा कागद टेबलावर ठेवला. "झालं," ते म्हणाले. "बिनतोड आहे. शाब्बास."

वर्ग संपेपर्यंत ठमी दारातून हलली नाही. मुलं एकेक करून गेली. करडी विंडो पटकन मिटली. दादा खुर्चीतच बसून राहिले आणि ठमी पलंगाच्या कडेवर टेकली. कितीतरी गोष्टी तिच्या डोळ्यांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "ते हे दे गं, चहाचं," असं दादा गाळणीला म्हणाले होते ते. कबुतरांना "ते करडे" म्हणाले होते ते. दर वेळी तिने शब्द पुरवला होता आणि आपल्या कामाला लागली होती.

"कधीपासून, दादा?"

"थंडीपासून असेल. आधी नावं जायची. ती कुणाची जात नाहीत?"

"डॉक्टरला दाखवायला हवं."

"जाऊन आलो."

"कधी?"

"आज."

ठमीने त्यांच्या न कापलेल्या केसांकडे पाहिलं.

"काय म्हणाले?"

"औषध नाही म्हणाले. शब्द जात राहतील. आधी नावं, मग वस्तू, मग..."

"मग काय?"

"सांगितलं होतं त्यांनी. मी विसरलो." दादा स्वतःच्याच विनोदावर हसले. ठमीला हसता आलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू वाक्य पुरं करून टाकतेस, ठमे," दादा म्हणाले. त्यात राग नव्हता. "आणि डबा तसं करत नव्हता. तो खरंच अडकायचा, नाही असं नाही. तो अडकला की मला तेवढी उसंत मिळायची. मी आत जाऊन शब्द हुडकून आणायचो. कधी तो सुटायच्या आत मी परत आलेला असायचो. कधी तो सुटलेला असायचा आणि मी अजून आतच. तेव्हाही म्हणायचो, अडकलाय. कुणाला कळत होतं?"

ठमीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. या माणसाने सावल्या नको काढूस म्हटलं होतं आणि ती त्याला हट्टी म्हणाली होती.

"परत लावते," ती म्हणाली. "सगळे नखरे परत लावते. खुणा केल्या की होतं तसं, दुरुस्तीवाला म्हणालाय."

दादांनी टेबलावरचा घडीचा कागद उलगडला. मग म्हणाले, "लाव."

तिने लावले. खुणांची रांग उघडून एकेक करून सगळ्या केल्या. सावल्या आल्या, काचेच्या कडा आल्या, विंडो पुन्हा उमलत उमलत उघडायला लागली. बाण पुन्हा जागचा हलेना. भाऊबहीण शेजारी शेजारी बसून ते बघत होते. चोरी करून आल्यावर दार नीट लागलंय ना, हे बघावं तसं.

"बाईंना काय सांगायचं?" ठमी म्हणाली. "मी त्यांना हरणासारखा पळतो म्हणून सांगून बसले."

"सत्र सुरू व्हायला अवकाश आहे अजून. तोवर तरी मिळेल."

दुसऱ्या दिवशी दादा नेहमीपेक्षा लवकर खुर्चीत बसले. ठमीने दार लोटून घेतलं, पण कडी लावली नाही. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती आणि हातातलं काम तसंच होतं. वर्ग सुरू झाला. डबा पहिल्यासारखा रुसला, दादांचा आवाज तुटक तुटक व्हायला लागला. एकदा तो खरोखरच अडकला आणि ठमी वाट बघत राहिली, की आता मांजरवाला ओरडेल.

मांजरवाला ओरडला नाही. जांभई माशीबद्दल काही बोलला नाही. डबा सुटेपर्यंत मुलं अगदी शहाण्यासारखी गप्प बसली. आजाऱ्याच्या खोलीत बसतात तशी. ती स्वतः आजारी होती, त्यांना ते बसणं चांगलं ठाऊक होतं.

मग दादा वर्तुळाकडे वळले. मध्यबिंदूतून जाऊन दोन्हीकडे टेकणारी रेषा त्यांनी काढली. "या रेषेला म्हणतात..." आणि दादांचा आवाज बंद झाला.

ठमी ओट्यापासून दारापर्यंत आली. फटीतून तिला स्क्रीन दिसत होती. कॉम्प्युटर चालू होता. माऊस दादांच्या हाताखाली थरथरत होता आणि त्याबरोबर बाणही थरथरत होता. एका चौकोनात मांजर शेपटी हलवत होतं, दुसऱ्यात कुणीतरी पाण्याचा पेला ठेवत होतं. काहीही अडकलेलं नव्हतं.

"अडकला वाटतं, सर," वकीलबाई म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, मोठ्या माणसासारखा. "आमच्याकडे तुम्ही दिसत नाही आहात. आम्ही थांबतो. तुम्ही सावकाश या."

दादांनी मान वर केली.

"अडकला?" ते म्हणाले. "कशावरून?"

वकीलबाईने नजर खाली घेतली. प्लास्टरवर कुणीतरी काढलेल्या चित्रावरून बोट फिरवत ती म्हणाली, "असंच. वाटलं मला."

दादा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मुलांनो, आजचं एवढंच," आणि विंडो बंद केली. ती सरकत सरकत, सावली ओढत खाली गेली. ती पुरती जाईपर्यंत दादांनी माऊसवरचा हात काढला नाही.

ठमी आत आली.

"बाईंना फोन लाव," दादा म्हणाले.

"दादा, सत्राला अवकाश आहे अजून. तू म्हणालास ना..."

"लाव, ठमे. कशावरून विचारणारी ती पोर 'असंच' म्हणायला लागली. माझ्यासाठी. आणखी महिनाभर बसलो, तर ती सगळ्यालाच 'असंच' म्हणेल."

ठमीने फोन लावला. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, पण कॉम्प्युटर तर सुधारला म्हणाला होतात ना? हरणासारखा?"

"सुधारला होता," ठमी म्हणाली. "कॉम्प्युटरचं काही नाही हो, बाई. दादांना आता जमणार नाही."

मग बाई बऱ्याच चांगल्या गोष्टी बोलल्या. सरांसारखा शिक्षक, मुलांचं प्रेम वगैरे. शेवटी म्हणाल्या, "उद्यापासून मी दुसरी सोय करते. एकदा निरोप घ्यायला तरी येतील का सर? मुलांना बरं वाटेल."

ठमीने फोनवर हात धरून दादांकडे पाहिलं. दादांनी मान हलवली. नाही.

फोन ठेवून ती परत येऊन पलंगावर बसली. संध्याकाळ उतरत होती. समोरच्या गच्चीवर कुणी नव्हतं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ सरळ ठेवून खुर्चीत बसले होते.

"त्या पोरीला एक सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"मी कळवते. बाईंकडे निरोप देते. काय सांगू?"

"तिला म्हणावं, काल तू जे केलंस ना, पडद्याचं, ते बरोबर होतं. वाईट वाटून घेऊ नको. त्याला आपण म्हणतो... तू जे दाखवलंस त्याला..."

ठमीच्या जिभेवर शब्द आला. एक नाही, चार आले. पुरावा. सिद्धता. तर्क. खरेपणा. यातला कुठला दादांना हवा होता ते तिला कळेना, आणि ती तोंड उघडणार तोच दादांनी हाताचा पंजा वर केला. वर्गात एखादं मूल उत्तरापाशी अडखळलं आणि बाकीची सांगायला धावली, की ते असाच पंजा वर करायचे. सांगायचं नाही. त्याचं त्याला येऊ द्यायचं.

ठमी तोंड मिटून बसली. जन्मात तिने कुणाच्या वाक्याची इतकी वाट पाहिली नव्हती. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं, ते संपलं. खाली रस्त्यावर एक सायकल घंटी वाजवत गेली. दादांचे ओठ दोनदा हलले. खोलीतला उजेड इतका कमी झाला, की त्यांचा चेहरा नीट दिसेना. वर धरलेला पंजा तेवढा दिसत होता. तो हळूहळू मांडीवर आला.

"राहू दे," दादा म्हणाले.

"थांबते मी. मला काही घाई नाही, दादा."

"नाही गं," दादा म्हणाले. "दिवा लाव आता."